दापोलीच्या पुढे

रत्नागिरीहून पुण्याला जायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच रत्नागिरीहून केळशीला जायला लागतो. गंमत म्हणजे केळशी आमच्याच जिल्ह्यात आहे. नकाशात बोटभर अंतर दिसतं. पण मध्ये खाड्या आहेत, घाट्या आहेत, आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे माझ्या वडिलांचे नातेवाईक आहेत. खाडी ओलांडायला निदान फेरीबोट तरी मिळते.

बाबांचा एक नियम आहे. ज्या गावात आपलं माणूस राहतं, त्या गावातून त्याच्या घरी डोकावल्याशिवाय पुढे जायचं नाही. नियम एकट्या बाबांचा नाही. आमच्याकडे सगळेच तो पाळतात आणि सगळेच त्याला वैतागलेले असतात. कोणाच्या दारावरून गेलात आणि आत गेला नाहीत, तर पुढच्या बारशात नाहीतर लग्नात ते माणूस तुमच्या हातात चहाचा कप देत देत म्हणतं, 'आमचं घर दिसलं नसेल हो तुम्हाला.' वर्षानुवर्षं म्हणतं. मी स्वतः एकदा लांज्याच्या बाजारातून जाताना चुलतसासूबाईंचं दुकान आलं म्हणून गाडी चालवता चालवता तोंड फिरवलं होतं आणि पुढच्या रिक्षाला जाऊन घासले होते. आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. मग चहा झालाच.

तर चार वर्षांपूर्वी बाबांनी हा नियम मोडला, तोसुद्धा सख्ख्या बहिणीच्या बाबतीत. दापोलीला एक लग्न होतं. आम्ही सगळे गावाहून भाड्याच्या बसने गेलो होतो. दोनच्या सुमारास पंगत उठली आणि बस परत निघायची वेळ झाली. आत्याचं केळशी तिथून तास-सव्वा तासावर. बाबा माझ्याजवळ येऊन म्हणाले, जाऊन यायचं तर बस चुकेल. चुकली तर चुकली, आपण दुसऱ्या गाडीने येऊ, असं मी म्हणायला हवं होतं. मला दुसऱ्या दिवशी कचेरी होती, म्हणून मी काही बोलले नाही. आम्ही बसमध्ये बसलो.

आठवड्याभरात आत्याचं वाक्य फिरत फिरत आमच्यापर्यंत आलं. 'दापोलीपर्यंत आला आणि केळशी लांब पडली.' एवढंच. त्यानंतर तिचा फोन आला नाही आणि बाबांनीही केला नाही.

इथे बाबांविषयी थोडं सांगायला हवं. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत. लांजा तालुक्यातली निम्मी पन्नाशीची माणसं आजही त्यांना बघून सिगारेट विझवतात. त्यांच्या एका खाकरण्याने सातवीचा वर्ग गप्प होत असे. पण आत्या त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. शाळेच्या वाटेवरचा पऱ्या पावसात भरून वाहायला लागला, की त्यांना कडेवर घेऊन पलीकडे नेणारी आणि घरचा अभ्यास केला नसेल तर पलीकडे पोचल्यावर कान पिळणारी. आता ती एकोणऐंशीची आहे आणि बाबा चौऱ्याहत्तरचे, पण तो कान अजून तिच्याच मालकीचा आहे.

भाऊबीजेला आमच्याकडे बहीण आधी चंद्राला ओवाळते, मग भावाला. जिचा भाऊ येत नाही, ती नुसतं चंद्राला ओवाळून ताट आत नेते. आत्याने तीन दिवाळ्या तसंच केलं, हे आम्हाला कळत होतं, कारण आमच्याकडे न कळण्याची सोयच नाही. कळलं, की बाबा पेपर उलटा धरून वाचत बसायचे.

गेल्या दिवाळीत आई-बाबा गावाहून माझ्याकडे रत्नागिरीला आले होते. नवरा बोटीवर असतो, तो तेव्हा कुठल्याशा समुद्रात होता. पाडव्याच्या दिवशी आईने जाहीर केलं, की उद्या केळशीला जायचं आणि गाडी मी चालवायची. बाबा म्हणाले, 'बघू.' आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. आईने ते ऐकून घेतलं आणि त्यांचा नवा सदरा पिशवीत भरला.

आईचा बेत पक्का होता. हायवेने चिपळूण-खेडमार्गे गेलो असतो, तर हातखंब्यापासून खेडपर्यंत बाबांची माणसं रांगेने उभी. म्हणून समुद्राच्या बाजूने जायचं, दोनदा फेरीबोटीत गाडी घालायची. या वाटेवर त्यांचं घर एकच, वेळणेश्वरला बाबांच्या चुलतभाचीचं सासर. तिथे वीस मिनिटं, असं तिने जाहीर केलं. सहाला निघालो तर जेवायला केळशीला. अगदीच उशीर झाला तरी संध्याकाळी चंद्र बुडायच्या आत. बीजेचा चंद्र सूर्य मावळल्यावर तासभर दिसतो आणि समुद्रात जातो, तो कोणासाठी थांबत नाही, हे तिने बाबांकडे बघून सांगितलं.

सहाला निघालो. सात वाजता मालगुंडजवळ बाबा म्हणाले, 'थांब जरा.' मी ब्रेक दाबला. बाबा मागे वळून आईला म्हणाले, तुझा मावसभाऊ राहतो इथे, त्याच्या दारावरून कसं जायचं, तुझ्या माहेरचा मान मी नाही राखायचा तर कोणी? आई तोंड उघडून तशीच राहिली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात बाबांनी तिच्या माहेरचा मान राखल्याची ही पहिली वेळ होती, त्यामुळे तिला नाही म्हणता येईना. मावसमामांकडे दडपे पोहे झाले, फराळ झाला, त्यांनी नवी विहीर दाखवली. बाबांनी विहिरीत इतका वेळ वाकून बघितलं, की मावसमामा काळजीत पडले. निघताना त्यांनी सहा नारळ दिले. आम्ही केळशीला, म्हणजे नारळांच्याच गावाला, आधीच पाच नारळ घेऊन चाललो होतो.

जयगडला फेरीबोटीसाठी पर्यटकांच्या गाड्यांची ही लांब रांग. रांग बघून माझं डोकं फिरलं. बाबा मात्र खुशीत खाली उतरले आणि त्यांनी मुंबईच्या एका कुटुंबाला खाडीची माहिती सांगायला घेतली. आमची पाळी आली, मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, तरी माहिती संपेना. शेवटी मुंबईच्या लोकांनीच त्यांना हाताला धरून आणून गाडीत बसवलं.

वेळणेश्वरला आधी देवळात गेलो. बाबा तसे देवळाबाहेरून हात जोडणारे. त्या दिवशी आत जाऊन डोळे मिटून बसले. आई मला म्हणाली, 'आज बराच वेळ बोलतायत गो महादेवाशी.' मग भाचीचं घर. वीस मिनिटं ठरली होती, पण साडेअकरा वाजले होते, आणि आमच्याकडे साडेअकराला आलेल्या पाहुण्याला न जेवता सोडणं हा जवळजवळ गुन्हा आहे. मी डोळ्यांनी आईला खुणा केल्या, आईने बाबांना केल्या, बाबांनी पाटाकडे बघितलं आणि पाय धुवायला गेले. जेवण झालं. भाचीच्या सासऱ्यांनी एक भोपळा आणून दिला, मांजर निजावं तेवढा. पाठीमागे जागा नव्हती म्हणून आई तो मांडीवर घेऊन बसली. दीड वाजला.

माझा राग मी गाडीवर काढत होते. गिअर टाकताना आवाज यायला लागला, तेव्हा बाबा म्हणाले, हळू चालव, घाई कसली आहे. हे वाक्य ते दिवसभर म्हणत होते. वळण आलं की हळू, उतार आला की हळू, सरळ रस्ता आला की समुद्र बघ किती छान दिसतोय, हळू.

पालशेतला त्यांनी पुन्हा गाडी थांबवायला लावली. या वेळी नातेवाईकसुद्धा नव्हते. त्यांच्याबरोबर दोन वर्षं एका शाळेत शिकवणारे एक गुरुजी होते, ज्यांच्याशी त्यांचं पटत नसे, हे लहानपणापासून मी ऐकत आलेय. मी तसं म्हटलं. बाबा म्हणाले, म्हातारपणी असलं काही मनात ठेवू नये. आणि उतरून गेले.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी बघायला गेले. गुरुजींच्या दाराला भलंमोठं कुलूप होतं आणि बाबा ओटीवरच्या बाकावर आरामात बसले होते. म्हणाले, येतीलच एवढ्यात. मी म्हटलं, दिवाळीचं कुलूप आहे, ते मुलाकडे मुंबईला गेले असतील. बाबा म्हणाले, वाट बघून जाऊ, आपण आलो नाही असं व्हायला नको. तेवढ्यात शेजारची बाई बाहेर आली, कोण तुम्ही, कुठून आलात, कुठे चाललात, हे सगळं विचारून झालं, गुरुजी मुंबईलाच गेल्याचं तिने सांगितलं, आणि मग तिने चहा टाकला. ज्या माणसाशी पटत नाही, जो घरी नाही, त्याच्या ओटीवर बसून आम्ही शेजारणीचा चहा प्यायलो. निघताना तिने दोन शहाळी दिली.

धोपाव्याला पोचलो तेव्हा फेरीबोट नुकतीच निघाली होती. पुढची यायला वेळ होता. धक्क्यावर उभी राहून मी नवऱ्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की त्याला त्या समुद्रात ठसका लागला असेल. त्याचा यात काहीच दोष नव्हता. पण तो समुद्रात होता आणि मी धक्क्यावर होते, एवढं मला पुरे होतं.

पलीकडे दाभोळला उतरल्यावर बाबांनी घसा साफ केला, तेव्हा आई मागून म्हणाली, 'दाभोळात आपलं कोणी नाही.' बाबा म्हणाले, आपल्या देवळाच्या पुजाऱ्यांचे साडू. आई म्हणाली, 'त्यांना आपण माहीत नाही.'

पाच वाजून गेले तेव्हा दापोली आली. गाव संपता संपता बाबांनी एका पाटीकडे बोट दाखवलं. लॉज होतं. म्हणाले, आता उशीर झाला आहे, तू दमली आहेस, इथेच राहू आणि सकाळी ताजेतवाने होऊन निघू.

मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. सकाळपासून जे साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. विहीर, महादेव, कुलूप, सगळं काढलं. उद्या भाऊबीज नसते, हेही सांगितलं. मुख्याध्यापकांशी इतक्या चढ्या आवाजात आजपर्यंत कोणी बोललं नसेल. बोलून झाल्यावर मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते खाकरलेसुद्धा नाहीत. समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि एक अंगठा सारखा सदऱ्याच्या टोकाशी चाळा करत होता.

'तिने ओवाळलं नाही तर?' ते म्हणाले. 'चंद्राला ओवाळून ताट घेऊन आत गेली, तर मी काय करायचं?'

मला एकदम लाज वाटली. दिवसभर मी त्यांना लोचट पाहुणा समजत होते आणि हा माणूस दिवसभर घाबरलेला होता. पोचायला लागू नये म्हणून प्रत्येक दारात जाऊन बसत होता, कुलूप लावलेल्या दारातसुद्धा. दापोलीच्या त्या बसमध्ये मीच त्यांच्या शेजारी बसले होते, हेही आठवलं.

बोलली आई. भोपळ्याच्या पलीकडून शांतपणे म्हणाली, 'नाही ओवाळलं तर परत यायचं. येताना खेडमार्गे येऊ. तिकडे तुमची माणसं पुष्कळ आहेत, जाऊन रडा एकेकाकडे.'

बाबा हसले नाहीत, पण सीटवर सावरून बसले आणि म्हणाले, 'चल.'

त्यानंतर दापोली ते केळशी मी जे काही ऐकलं, ते कोणाला खरं वाटणार नाही. बाबा घाई करायला लागले. त्यांची नजर सारखी पश्चिमेकडे. आंजर्ल्याच्या अलीकडे सूर्य टेकला, तसे ते म्हणाले, जरा पाय दाब की, एवढी काय बैलगाडी हाकतेस. सूर्य बुडाला. थोड्या वेळाने एका वळणावर माडांच्या वर चंद्र दिसला, नखाची कातरण असते तेवढा. बाबांनी बोट दाखवलं आणि म्हणाले, 'बघ, उतरायला लागलाय.'

पुढे एका घराच्या फाटकात एक गृहस्थ उभे होते. त्यांनी गाडीत वाकून बघितलं, बाबांना ओळखलं आणि दोन्ही हात वर करून 'अहो गुरुजी' म्हणून हाक मारली. मी सवयीने ब्रेककडे पाय नेला. बाबा समोर बघत, मान जराही न वळवता म्हणाले, 'बघू नकोस. पुढे चल.' मागे आईच्या मांडीवरचा भोपळा हसण्याने गदगदत होता. त्या गृहस्थांचं वाक्य आता पुढची दहा वर्षं आम्हाला ऐकावं लागणार आहे, पण त्याला इलाज नाही.

आत्याच्या घराशी गाडी थांबवली तेव्हा अंगणात संधिप्रकाश होता. पश्चिमेच्या बाजूला दोन माडांच्या मधल्या फटीसमोर आत्या ताट घेऊन उभी होती, जुन्या जरीच्या साडीत, कमरेत वाकलेली. शेजारी तिची सून वाऱ्याला आडवा पदर धरून निरांजन सांभाळत होती. गाडीचा आवाज, दारांचा आवाज, एक नारळ घरंगळून खाली पडला त्याचा आवाज, सगळं तिने ऐकलं असणार. ती वळली नाही. आम्ही तिघंही फाटकाच्या आत येऊन जिथल्या तिथे उभे राहिलो. तिने चंद्राला कुंकू, अक्षता वाहिल्या. ताट सावकाश तीनदा फिरवलं. मग तिने ताट खाली आणलं आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच बोलायला लागली.

'मालगुंडात दडपे पोहे. वेळणेश्वरात जेवलास, वालाची उसळ दोनदा घेतलीस. ती पोर सांगत होती. आणि पालशेतात त्या कुलूपबंद घराच्या ओटीवर काय करत होतास रे मेल्या? ती शेजारीण माझ्या नणंदेची विहीण लागते.'

सकाळपासून प्रत्येक घरातून, आम्ही निघालो की केळशीला फोन जात होता. ती दिवसभर भावाला एकेका गावातून पुढे सरकताना ऐकत बसली होती. सून नंतर मला म्हणाली, पालशेतला गाडी अडली तेव्हा सासूबाईंनी जेवणाचं ताट बाजूला सारलं ते सारलंच.

आत्या वळली. तिचा चेहरा माझ्या आठवणीतल्यापेक्षा लहान झाला होता.

'त्या दिवशीसुद्धा फोन आला होता मला,' ती म्हणाली. 'दापोलीहून. तुझा भाऊ लग्नाला आलाय म्हणून. मी भात टाकला. घावने घातली. दिवे लागेपर्यंत फाटकात उभी होते.'

हे आम्हाला माहीत नव्हतं. तीन वर्षं आम्ही समजत होतो, की आम्ही गेलो नाही हे तिला मागाहून कळलं आणि राग आला. ती वाट बघत उभी होती, हे कोणीच सांगितलं नव्हतं. बाबांनी मान खाली घातली. आई भोपळा घेऊन तशीच उभी होती, तो खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

आत्याने पुन्हा एकदा पश्चिमेकडे बघितलं. 'चंद्र चालला,' ती म्हणाली. 'बस पाटावर. बाकीचं मग बघते तुझ्याकडे.'

सुनेने पाट मांडला. बाबा डोक्यावर रुमाल टाकून, गुडघे धरत धरत पाटावर बसले. आत्याने त्यांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली. मग ताट घेऊन तिने ओवाळायला सुरुवात केली आणि मध्येच विचारलं,

'आला नाहीस ते नाहीस. तीन वर्षांत एक फोन का नाही केलास?'

बाबांनी वर बघितलं. कपाळावरच्या कुंकवातली एक अक्षता नाकावर घसरली होती.

'तुला भ्यालो,' ते म्हणाले.

ताट हवेतच थांबलं. निरांजनाच्या उजेडात आत्याचे डोळे भरलेले दिसत होते आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

'भ्यालास होय?' ती म्हणाली. 'मला वाटलं, विसरलास.'

आणि तिने पहिल्यापासून पुन्हा ओवाळायला सुरुवात केली.